फोटोत न आलेलं तोंड

महोत्सवातल्या निवडक फोटोंचं पुस्तक निघणार आहे, असं मला फोनवर सांगण्यात आलं. त्यात माझा फोटो असणार आणि त्याखाली भिंतीवर होती तीच ओळ असणार. मी म्हटलं, ती ओळ चुकीची आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही लेखी द्या ना, आम्ही बघतो." लेखी द्यायला बसलो तर ते चार ओळींत मावेना. कुठून चूक सुरू झाली तेच मला नीट सांगता येत नाही. म्हणून जसं आठवतं तसं लिहितो.

जळगावात यंदा छायाचित्रांचा महोत्सव झाला. वेगवेगळ्या समाजांच्या लोकांनी एकमेकांना बघावं, एकमेकांशी बोलावं, कुणी बाहेर राहू नये, असा त्याचा हेतू होता. सुनेने मोबाइलवर त्याचं पत्रक दाखवलं होतं, पण मी फारसं लक्ष दिलं नव्हतं. मी कृषी कचेरीत कारकून होतो. कला वगैरे माझा प्रांत नाही. मग एक दिवस त्या मुलीचा फोन आला. धुळ्याच्या एका जुन्या फोटोग्राफरच्या मुलाने वडिलांचे फोटो महोत्सवाला दिले होते. त्यातला एक आमच्या गावचा निघाला. गाव एरंडोलकडचं. गावात चौकशी करत करत ती पुतण्यामार्फत माझ्यापर्यंत पोचली होती. तिने फोटो पाठवला.

फोटोत मी आहे. विशीतला, नवा पांढरा शर्ट घातलेला, कापसाच्या शेतात उभा. हातात पितळी तांब्या. समोर एक बाई वाकली आहे, तिने ओंजळ धरली आहे, आणि मी वरून तिच्या ओंजळीत पाणी ओततो आहे. पाण्याची धार उन्हात चमकते आहे. फोटो देखणा आहे, यात वाद नाही.

"काका, या आजी कोण?" मुलीने विचारलं. "शोधता आल्या तर दोघांना एकत्र बोलवायचंय."

मी एक नाव सांगितलं. आमच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बायकांपैकी मला आठवणारं तेवढं एकच नाव होतं. ते इथे लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांनीच लिहू नका म्हणून सांगितलं आहे. तेव्हा मात्र मी ते असं झटकन सांगितलं, की जणू कुणी पत्ता विचारला होता.

महोत्सव मेहरूण तलावाच्या काठी होता. झाडांमध्ये दोऱ्या बांधून, बांबूंवर, भिंतीवर मोठाले फोटो लावले होते. सातपुड्यातली होळी होती, ईदची गर्दी होती, सिंधी दुकानदारांची तीन पिढ्यांची दुकानं होती, वरणगावच्या कारखान्यातून सुटणारे कामगार होते. प्रत्येक फोटोखाली दोन खुर्च्या. अनोळखी माणसांनी समोरासमोर बसून बोलायचं, अशी कल्पना. मधूनमधून एखादी कार्यकर्ती येऊन प्रश्नांचं कार्ड हातात द्यायची.

माझा फोटो दाराएवढा मोठा केला होता. खाली लिहिलं होतं, 'माणुसकीची ओंजळ', आणि त्याखाली माझं नाव, तिचं नाव. लोक थांबून बघत होते. एका गृहस्थाने मला ओळखलं, हात हातात घेतला आणि म्हणाला, "त्या काळात हे करायला काळीज लागत होतं, आबा."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पाच-दहा मिनिटं मी त्या फोटोजवळ उभा राहिलो ते कुणी अजून ओळखतं का हे बघत. मग माझं लक्ष फोटोतल्या माझ्याच हाताकडे गेलं. हात किती उंच आहे! ओंजळीपासून तांब्या हातभर वर.

तरुण वाचकांसाठी स्पष्ट लिहिलं पाहिजे. आमच्या शेतात रांजणावर पेला पालथा असायचा. तो घरच्यांसाठी आणि सालदारासाठी. नाल्यापलीकडच्या वस्तीतून येणाऱ्या मजूर बायकांना त्या पेल्याने पाणी देत नसत. त्यांनी ओंजळ धरायची आणि आमच्यातल्या कुणी वरून ओतायचं. धार मध्ये असली म्हणजे तांब्याला स्पर्श होत नाही. याला अस्पृश्यता म्हणतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण शेतात हा शब्द मला कधी आठवला नाही. आईने 'हात वर धर' असं मला सांगितल्याचंही आठवत नाही. हात आपोआप वर जायचा.

पण इथेच माझा गोंधळ सुरू होतो. आम्ही पोरंही विहिरीवर ओंजळीनेच पाणी प्यायचो. मोटारीच्या पाइपाला तोंड लावायचो. उन्हातून आलेला पाहुणासुद्धा दारात ओंजळ धरायचा. मग नुसत्या फोटोवरून कुणाला काय कळणार? मला तरी खात्रीने काय कळलं? आणि त्यात हेही आठवायला लागलं, की त्या दिवशी तहान कुणालाच नव्हती.

बहिणीचा साखरपुडा होता. फोटोग्राफर धुळ्याहून आला होता. त्याच्या कॅमेऱ्यात बारा फोटोंचा रोल असायचा, आणि रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नसे. साखरपुडा उरकला तेव्हा तीन फोटो शिल्लक होते. "वाया कशाला घालवायचे? चल, शेत दाखव," म्हणाला. शेतात कापसाची वेचणी चालू होती. पहिला फोटो त्याने बैलांचा काढला. मग मला म्हणाला, "नुसता उभा राहू नको. त्या बाईला पाणी पाज. चांगला येईल." मी तांब्या उचलला. एक बाई पुढे आली. तिला तहान होती का, मी विचारलं नाही.

हे सगळं मी महोत्सवाच्या मुलीला तिथल्या तिथे सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काका, तुम्ही फार प्रामाणिक आहात. पण आज बघणाऱ्याला त्यात जे दिसतं तेही खरंच ना?" 

तिसऱ्या प्रहरी, मी जिचं नाव सांगितलं होतं ती बाई आली. सोबत मुलगी होती. मुलगी पन्नाशीची, इथेच एका दवाखान्यात नर्स. मायलेकी हळूहळू चालत आल्या. त्या काळी मी तिला नुसत्या नावाने हाक मारत असणार. आता तोंडातून 'अक्का' निघालं. आम्हाला दोघांना त्या दोन खुर्च्यांवर बसवलं. आजूबाजूला घोळका जमला, मोबाइल वर झाले.

अक्कांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि अहिराणीत विचारलं, "हाऊ तुम्ही शेतस का, आबा? कितला बारीक व्हतात!"

"होय, मीच."

"अनी मी कोठे शे?"

मुलीने बोट दाखवलं. "आई, ही काय वाकलेली."

अक्का उठून फोटोच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा वर-खाली केला. "हाई तं डोकं शे," त्या म्हणाल्या. "मनं तोंड कोठे शे?"

कुणीतरी हसलं. तेवढ्यात कार्यकर्तीने कार्ड पुढे केलं आणि स्वतःच वाचून दाखवलं, "तुमच्या दोघांमध्ये समान काय आहे?"

"काय म्हनस ती?"

"आपल्यात सारखं काय आहे, असं विचारतेय," मी म्हटलं.

अक्कांनी विचार केला. "दोन्हीस्ना गुडघा दुखतस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं. त्या पुन्हा फोटोत डोकं कुठे संपतं आणि कपाळ कुठे सुरू होतं ते बघत होत्या. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी जरा जवळ सरकून म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मी तुम्हाला पेला दिला नाही. वरून ओतलं. त्याचं मला वाईट वाटतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी अगदी बालिश बोललो. "पेला? पेला कोन देत व्हतं तव्हय?" आणि लगेच मुलीला, "याना मांगे आखो फोटो शे का? इचार ना त्यास्ले."

आईला आणखी फोटो कशाला हवा, ते मग मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं. आईचा तरुणपणीचा एकही फोटो नाही. लग्नात फोटो नव्हता. पहिला फोटो निघाला तो मतदानाच्या कार्डासाठी, तोवर केस पांढरे झाले होते. आता घरात नात मोठी झाली आहे, आणि सगळे म्हणतात की नात हुबेहूब आजीवर गेली. महोत्सवातून फोन आला तेव्हापासून आई नीट झोपलेली नाही. नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

अक्कांना ते ऐकू गेलं. "माले बठ्ठा म्हनतस, नात तुन्हावर गई. माले कसं समजी? मी काय माले दखेल शे?"

"आरसा होता ना गं घरात."

"आरसा! सासूना व्हता. तळहातएवढा. त्यामा एक डोया दिसे, नही तं एक गाल."

मुलगी फोटोकडे बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "पेल्याने पाणी प्यायलं तर माणूस मान वर करतं. ओंजळीने प्यायलं तर खाली घालतं. पेला दिला असतात तर आईचं तोंड आलं असतं फोटोत." तिच्या आवाजात राग नव्हता. दवाखान्यात औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं तिने सांगितलं.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवली, किंवा आठवल्यासारखी वाटली. फोटोग्राफर ओरडला होता, "बाई, तोंड वर करा, तोंड वर!" आणि ती बाई वर बघायला गेली की पाणी सांडत होतं, म्हणून तिने पुन्हा मान खाली घातली. हे खरंच घडलं की मुलीचं बोलणं ऐकून मी आता रचलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

रोलच्या शेवटच्या तिनांतला तिसरा फोटो राहिला होता. तो मला कधी दाखवला गेला नव्हता. मी अक्कांना म्हटलं, "मी धुळ्याला जाऊन बघतो."

"दखा," त्या म्हणाल्या. एवढंच.

धुळ्याला मी एसटीने गेलो. फोटोग्राफर वारला, त्याचा मुलगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानाच्या माळ्यावर वडिलांच्या निगेटिव्ह पत्र्याच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. आमच्या रोलची पट्टी त्याने महोत्सवासाठी आधीच वेगळी काढली होती. ती उजेडावर धरली, मोबाइलमध्ये काळ्याचं पांढरं केलं. आधी बहिणीचा साखरपुडा. ओटी भरताना आई. मग बैल. मग मी आणि ती ओंजळ. आणि शेवटचा, तिसरा.

त्यात तीन बायका कापसाच्या ढिगाजवळ उभ्या आहेत. तोंडं कॅमेऱ्याकडे. एक हसते आहे. एकीने उन्हामुळे डोळ्यांवर हात धरला आहे, पण नाक, ओठ, हनुवटी स्वच्छ दिसते. तिसरीचा अर्धा चेहरा रोलच्या टोकाला उजेड लागून जळाला आहे.

"यातल्या कोणत्या आजी?" फोटोग्राफरच्या मुलाने विचारलं.

मी बघत राहिलो. चष्मा पुसून बघितलं. त्याने चित्र मोठं केलं, एकेक चेहरा पडदाभर केला. मला एकही ओळखता येईना. या बायकांना मी कित्येक हंगाम पाणी दिलं होतं. रोज दुपारी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभा राहिलो होतो. मला आठवत होत्या फक्त वाकलेल्या माना, भांगात अडकलेले कापसाचे तंतू, आणि ओंजळीखालून मातीत टपकणारं पाणी. चेहरा एकीचाही आठवत नव्हता. ओंजळवाल्या फोटोतल्या लुगड्याचे काठ बघितले, तर तसे काठ या तिघींपैकी दोघींचे होते.

मग मनात आलं, फोनवर मी ते नाव कशावरून सांगितलं होतं?

फोटोच्या दोन प्रती घेऊन मी अक्कांच्या मुलीच्या घरी गेलो. येताना एसटीत मी दोन वेळा ठरवलं की हसणारीवर बोट ठेवायचं. हसणारी देखणी होती. कुणाचं काय नुकसान होणार होतं? एका म्हातारीला तिचं तोंड मिळालं असतं, नातीशी ताडून बघता आलं असतं. आणि दोन्ही वेळा वाटलं, आधी नाव असंच सांगितलं होतं, आता तोंडही असंच सांगायचं का?

अक्कांनी फोटो मांडीवर ठेवला. बराच वेळ बघितला. मग मलाच विचारलं, "यामा मी कोनती?"

मुलगीही माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत नाही, अक्का," मी म्हटलं. "मी तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. आणि वाकलेली बाई तुम्हीच, हेही मला माहीत नाही. मी नुसतं नाव सांगून टाकलं."

"मंग मनंच नाव कसं काय?"

"वडील शेतात त्या नावाने सारखी हाक मारायचे. ते डोक्यात राहिलं होतं."

"मना नावनी?" त्या चकित झाल्या. "आबा, मी तुम्हना वावरमा दोनच साल उनू. रोजनी व्हती ती मनी जाऊ. हाक तिलेच मारत व्हता तुम्हना बाप."

"पण नाव तर तुमचं..."

"तुम्हले काय याद शे अनी काय नही, तुम्हलेच माहीत," त्या म्हणाल्या. हसत होत्या की चिडल्या होत्या, मला कळलं नाही. "इतला दिन पानी पाजं, अनी एक बी तोंड दखं नही? डोया मिटीसन ओततात का?"

मुलगी म्हणाली, "आई, असू दे." मग फोटो स्वतःकडे ओढून घेतला. "हसतेय ती तूच आहेस. हनुवटी बघ."

"दुसराना वावरमा मी हसू? तुन्ही आजी मारी टाकती माले."

"आजी काय शेतात येत होती?"

"तिले घर बसीसन दिसे."

दोघी बराच वेळ वाद घालत राहिल्या. अक्कांनी एकीवर मात्र लगेच बोट ठेवलं, डोळ्यांवर हात धरलेलीवर. "हाई मनी जाऊ. हाई नक्की." जाऊबाई वारल्या, त्यांचा मुलगा सुरतेला असतो. त्याच्याकडेही आईचा फोटो नाही. अक्कांनी एक प्रत त्याच्यासाठी कपाटात नीट ठेवून दिली. दुसरी माझ्याकडे परत केली. हसणारीबद्दल त्यांचं नक्की होईना. अर्ध्या जळालेल्या चेहऱ्यावर त्यांनी अंगठा फिरवला, जणू त्याने डाग जाईल. "हाई व्हई शकस," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "नही. नही माहीत."

तर नोंद अशी करावी. फोटोत पाणी ओतणारा मी आहे. पाणी वरून ओतलं आहे ते बाईच्या जातीमुळे, आणि तिला पाणी दिलं ते फोटोसाठी. बाई कोण, ते मला माहीत नाही. ज्यांचं नाव छापलं आहे त्यांच्या संमतीने ते काढावं. 'माणुसकीची ओंजळ' ही ओळही काढावी, असं माझं म्हणणं आहे. दुसरी कोणती घालावी ते मला सांगता येणार नाही. महोत्सवाच्या मुलीने हे ऐकून विचारलं, "मग काका, हा फोटो पुस्तकात ठेवावा की नको?" अक्कांना विचारा, म्हटलं. तिने विचारलं. अक्का म्हणाल्या, राहू दे, कुणी ओळखलं तर सांगेल.

फोटोग्राफरच्या मुलाच्या बोलण्यातून मागाहून असं निघालं, की त्याचे वडील आमच्या गावात आणि शेजारच्या गावांत बऱ्याच लग्नांना जात. रोल संपवायला बाहेर शेतात, बाजारात, विहिरीवर फोटो काढायची त्यांची सवयच होती. माळ्यावर अजून पेट्या आहेत. त्याला दुकानातून वेळ नाही. मला वेळ आहे. आठवड्यातून एकदा मी धुळ्याला जातो, खिडकीशी बसून पट्ट्या उजेडावर धरतो. नवरा-नवरी आणि वऱ्हाडी मी सोडून देतो. रोलच्या शेवटी येणाऱ्या बायका बघतो. फोटोग्राफरचा मुलगा म्हणतो, "आबा, तुम्ही इतकं काय निरखता, एक तर काळं-पांढरं उलटं असतं." उलट्या चेहऱ्यांची आता सवय झाली आहे. काळे दात, पांढरे डोळे. एखादीपाशी थांबतो, वाटतं हीच. मोबाइलवर सुलटं केलं की वाटतं, नाही. मग वाटतं, मला कसं कळणार?

सापडेल तो चेहरा अक्कांच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवतो. बहुतेक वेळा अक्काच फोन करतात.

"हाई तं मराठ्यास्नी सून शे, आबा. जरीनं लुगडं दिसत नही का तुम्हले?"

"चुकलं."

"आखो पेट्या शेतस ना?"

"आहेत."

"मंग दखा. घाई नही शे," त्या म्हणतात. "पन नीट दखा."